दादीचा कांदा

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. स्वयंपाकघरातून एक कांदा घ्या आणि त्याची मान अंगठ्याने हळूच दाबून पाहा. मान म्हणजे जेथून पात निघते ती जागा. ती कागदासारखी कोरडी आणि घट्ट लागली, तर तो कांदा टिकेल. मऊ लागली, तर तो आधी वापरायला सांगा. ही परीक्षा मला बी.एड.च्या वर्गात कोणी शिकवली नाही. ती माझ्या दादीने शिकवली.

आमचे घर मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात आहे. घरामागे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा दादीने कांद्यासाठी राखून ठेवला होता. एवढ्या जागेत अडीचशे रोपे सहज बसतात. कांद्याचे बी ती कधी विकत आणत नसे. ते तिच्या सासूपासून चालत आलेले होते. कांदा फिक्या लाल रंगाचा, मध्यम आकाराचा आणि चवीला चांगलाच तिखट होता.

येथे एक गोष्ट समजून घ्या. आपल्या नाशिक जिल्ह्यात 'लाल कांदा' म्हटले की पावसाळी हंगामात लावलेला, हिवाळ्यात बाजारात येणारा गडद लाल कांदा, असा अर्थ होतो. तो दिसायला फार सुंदर असतो, पण महिना-दीड महिन्यात त्याला कोंब फुटतात किंवा तो सडतो. डिसेंबर-जानेवारीत लावून एप्रिल-मेमध्ये काढतात तो उन्हाळ कांदा. त्याचा लाल रंग फिका असतो, पण तो चार-पाच महिने राहतो. दादीचा कांदा या दुसऱ्या प्रकारचा. म्हणून साठवणीचा कांदा घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. कोणत्या हंगामाचा, ते विचारा.

लागवड अवघड नाही. ऑक्टोबरच्या शेवटी बी टाकायचे. सहा-सात आठवड्यांत रोपे हातभर नाही, पण वीतभर होतात. मग ती वाफ्यात चार बोटे अंतर ठेवून, ओळींत लावायची. शेणखत आधीच मातीत मिसळायचे. तण वाढू द्यायचे नाही. पाणी बेताने, पण नियमित द्यायचे. एवढे कोणीही करू शकतो. खरी कसोटी शेवटच्या महिन्यात असते, आणि तेथेच मी चुकलो.

ही २०१३ सालची गोष्ट. दादीने ऑक्टोबरात बी टाकले आणि नोव्हेंबरात ती आजारी पडली. घरात होते-नव्हते तेवढे सगळे बी तिने त्या वर्षी टाकले होते. आजारपणामुळे पुढच्या बियांसाठी कांदे लावायचे मात्र राहून गेले. रोपे मी लावली. मार्चमध्ये (तेव्हा २०१४ उजाडले होते) पात पिवळी पडू लागली. मला वाटले, पिकाला भूक लागली आहे. मी दोन मुठी युरिया टाकला आणि रोज भरपूर पाणी दिले. पात पुन्हा हिरवीगार झाली. कांदे मुठीएवढे मोठे झाले. मी ते काढले, लगेच पात कापली आणि दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवले. मोठ्या अभिमानाने एक कांदा दादीला नेऊन दाखवला. तिने खाटेवर पडल्या पडल्या त्याची मान दाबली आणि एवढेच म्हणाली, "बेटा, याची मान ओली आहे."

जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि जिन्याखालून वास येऊ लागला. पोती उघडली. उर्दूत आपण म्हणतो, 'प्याज सड़ गई'. मराठीत कांदा पुल्लिंगी, म्हणून 'कांदा सडला'. कसेही म्हणा, घरातले बी मी सडवले होते. दिवाळीपर्यंत अडीचशेतले नऊ कांदे उरले.

असे का झाले? कांदा पोसला की पात आपोआप पिवळी पडते आणि मान मोडून आडवी होते. ती भूक नव्हे; कांदा झोपायची तयारी करतो. या वेळी युरिया आणि पाणी दिले की मान जाड व ओली राहते आणि त्या वाटेने बुरशी आत शिरते. म्हणून काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी बंद करायचे. निम्म्या माना पडल्या की कांदे उपटायचे. ते तीन-चार दिवस जमिनीवरच असे पसरायचे की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल. नाहीतर उन्हाने साल भाजते. मग बोटभर मान ठेवून पात कापायची आणि कांदे दहा-बारा दिवस सावलीत वाळवायचे.

साठवायला पोते नको. दादी सुंभाची बाज वापरत असे. बाजेवर वीतभर थर पसरला की खालून-वरून वारा खेळतो. शेतकऱ्यांची कांदाचाळ याच तत्त्वावर उभी असते. तिचा तळ जमिनीपासून उंच आणि बाजू फटींच्या असतात. दर आठवड्याला कांदे पाहायचे आणि सडका दिसला की काढून टाकायचा. नाहीतर तो शेजाऱ्यालाही घेऊन जातो.

आता त्या नऊ कांद्यांचे ऐका. कांद्याला पहिल्या वर्षी गड्डा येतो, दुसऱ्या वर्षी फूल. बी हवे असेल तर साठवलेला कांदा नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावावा लागतो. दादी त्यासाठी सर्वांत मोठे कांदे निवडत नसे. दिवाळीनंतरही बाजेवर घट्ट राहिलेले, कोंब न फुटलेले, एका डोळ्याचे कांदेच ती निवडत असे. न टिकणारे आधीच गळून गेलेले असत. अशा निवडीमुळेच तिचा वाण टिकाऊ झाला होता. पण नऊ कांदे फार थोडे. कांद्याच्या फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. मोजक्याच झाडांचे बी धरत गेले, तर वाण पिढीगणिक दुबळा होतो. त्यात कांद्याचे बी वर्षभरानंतर नीट उगवत नाही, म्हणजे जुन्या डब्यात शोधूनही उपयोग नव्हता.

तेव्हा दादीने मला पलीकडच्या मळ्यातील आबांकडे पाठवले. पूर्वी तिने त्यांना बी दिले होते. आबांनी काही न विचारता पंधरा कांदे पदरात टाकले. चोवीस कांदे लावले. फेब्रुवारीत पांढरे गोंडे फुलले. जवळच्या शेतातही कांदा फुलला होता. मधमाश्यांनी तिकडचा पराग आणू नये म्हणून आम्ही गोंड्यांवर मलमलीचा मांडव घातला. मग मधमाशीचे काम आम्हांलाच आले. मी रोज सकाळी तळहात एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हळूच फिरवत असे. एप्रिलमध्ये काही बोंडे तडकून काळे, तिकोनी बी दिसू लागले. गोंडे कापले, वाळवले, चोळले आणि दादीने खाटेवर बसून ते सुपात पाखडले. वाटीभर बी निघाले. अर्धे तिने त्याच दिवशी आबांकडे पाठवून दिले.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या बाजेवर एकतीस कांदे शिल्लक होते. त्यांतले पंचवीस लावले. उरलेले सहा भाजीत गेले.