मनाला उलट उत्तर द्यावं का?

प्रश्न : हातून छोटीशी चूक झाली तरी माझं मन दिवसभर ऐकवत राहतं, ‘तुला काहीच जमत नाही, तुझा कुणाला उपयोग नाही.’ माझी एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, की अशा वेळी ती बायबलच्या आधारे मनाला उत्तर देते. पण माणूस पापी आहे असं तिचाच धर्म सांगतो ना? मग टोचणी उलट वाढणार नाही का? की हा सकारात्मक विचारांचाच एक प्रकार?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. माणसाला पापी म्हणणारा धर्म खचलेल्या मनाला धीर कसा देणार, ही एक. आणि मनाला असं उत्तर देणं म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटणं नव्हे का, ही दुसरी. दुसरी आधी घेऊ. ती सुटली की पहिलीची गाठ आपोआप सैल होते.

मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलणं मराठी माणसाला नवं नाही. समर्थ रामदासांनी त्यासाठी २०५ श्लोक लिहिले. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली ४२ आणि ४३ ही स्तोत्रंही अशीच आहेत. मंदिरापासून दूर, यार्देन आणि हर्मोनच्या मुलखात असलेला भक्त आपल्या जिवालाच विचारतो, की तू इतका खचलास का, आणि देवाची आशा धर असं त्याला बजावतो. तू शूर आहेस, तुला सगळं जमेल, असं तो कुठेही म्हणत नाही. सकारात्मक विचारांहून हे वेगळं आहे ते इथे. त्या विचारांना आधार स्वतःच्या कुवतीचा असतो, आणि ज्या दिवशी कुवतीवरचाच विश्वास उडतो त्या दिवशी तो आधारही जातो. भक्ताचा आधार देवाच्या वचनाचा आहे. तो परीक्षेतल्या गुणांवर किंवा वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून नाही.

या स्तोत्रांतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. जिवाला बजावणं दोन्ही स्तोत्रांत मिळून तीनदा येतं, आणि पहिल्यांदा बजावून होताच भक्त लगेच कबूल करतो, की जीव अजून खचलेलाच आहे. एकदा उत्तर दिलं की मन गप्प बसेल, अशी अपेक्षा बायबलचीही नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने तर याची पद्धतच बसवली. हा इ.स. ३९९ मध्ये वारला. त्याने मनाला छळणाऱ्या विचारांचे आठ गट केले. खादाडपणा, राग, गर्व यांच्या बरोबरीने त्यांत उदासी आणि साधनेचा कंटाळाही आहे. मग त्याने एक पुस्तक रचलं. आधी विचार जसा येतो तसा मांडायचा आणि त्यापुढे त्याला द्यायचं शास्त्रवचन, अशी त्यात जवळजवळ पाचशे उत्तरं आहेत. त्याच्यासमोर नमुना येशूचा होता, कारण रानात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने दरवेळी शास्त्रवचनानेच उत्तर दिलं होतं. इव्हाग्रियसचं म्हणणं असं, की विचार यावा की नाही हे आपल्या हाती नाही, त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही हे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी आपोआप उठणारे विचार पकडून तपासायची जी रीत बसवली, तिचं याच्याशी बरंच साम्य आहे. बेक पुरावा रुग्णाच्या अनुभवात शोधायला लावतात, इव्हाग्रियस शास्त्रात.

आता पापाची शंका. माणूस पापी आहे, हे ख्रिस्ती श्रद्धेतलं अर्धंच म्हणणं आहे. त्याला क्षमा आहे, हे उरलेलं अर्धं. बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल दोन प्रकारची दुःखं सांगतो. एक पश्चात्तापाकडे वळवतं, दुसरं मरणाकडे नेतं. दोन्ही ओळखणं अवघड नाही. पश्चात्ताप नेमक्या कृतीकडे बोट दाखवतो : काल आईवर ओरडलात, जाऊन माफी मागा. माफी मागितली की त्याचं काम संपतं. तुम्हाला छळणारा आवाज मात्र कृतीबद्दल बोलतच नाही. तो ‘काहीच’, ‘कधीच’, ‘कुणाला’ असे शब्द वापरून तुमच्याबद्दलच निकाल देतो, आणि पुढे काय करायचं ते सांगत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सैतानाला बांधवांवर आरोप करणारा म्हटलं आहे. म्हणून असा आवाज देवाचा मानायला कित्येक ख्रिस्ती माणसं साफ नकार देतात.

येशूचा शिष्य पेत्र याचंच पाहा. येशूला आपण ओळखतही नाही, असं तो तीनदा म्हणाला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, सरोवराकाठी, येशू त्याला तीनदाच विचारतो, की माझ्यावर प्रेम करतोस का, आणि दरवेळी आपला कळप सांभाळायचं काम त्याच्यावर सोपवतो. चूक झालीच नाही असं येशू म्हणत नाही, आणि त्या चुकीवरून पेत्राची किंमतही ठरवत नाही.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर मनातलं वाक्य आधी कागदावर उतरवा. त्यात एखादी कृती असेल तर ती निस्तरा. नुसता निकाल असेल तर त्याला उत्तर द्या, शक्यतो मोठ्याने, आणि रोज तेच. सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांनी जुनी पापं पुन्हा पुन्हा आठवून एके काळी स्वतःला फार छळलं होतं. त्यांनी पुढे आखून दिलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची सुरुवात दोषांपासून होत नाही, आभारांपासून होते.

श्रद्धा पक्की असली की उदासी येतच नाही, हा समज मात्र काढून टाका. त्याने आजारी माणसावर आणखी एक आरोप लादला जातो. एलीया संदेष्ट्याने रानात मरण मागितलं, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा खायला उठवलं. इंग्रज कवी विल्यम कूपर यांची भक्तिगीतं चर्चमध्ये आजही गातात, पण १७७३ च्या आजारानंतर देवाने आपल्याला टाकलं ही भीती त्यांना शेवटपर्यंत सोडून गेली नाही. त्या वेळी त्यांचे मित्र पाळक जॉन न्यूटन यांनी त्यांना वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतलं. तुमचीही झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर वचनं पाठ करत थांबू नका. डॉक्टरांना गाठा, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रार्थना आणि औषध एकाच वेळी चालू ठेवता येतात.