प्रिंटरमधील वाया गेलेल्या शाईचा हिशेब

सांप्रत आपल्या जिल्ह्यांत, सेलू-जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत, पुष्कळ घरांत शाईचा लहान प्रिंटर आढळतो. मुलांचे प्रकल्प, शिष्यवृत्तीचे अर्ज व दाखल्यांच्या प्रती त्यावरच निघतात. असें हें यंत्र कांहीं वर्षें चांगलें चालून एके दिवशीं अचानक थांबतें. एप्सनच्या साध्या नमुन्यांवर दोन दिवे आळीपाळीनें लुकलुकतात. कॅननच्या यंत्रांत ‘५बी००’ हा संकेत येतो. शाई भरलेली असते, कागद ठेवलेला असतो, तरी एक अक्षर उमटत नाहीं. यंत्र निकामी झालें, असें समजून कित्येक पालक नवें घेण्याच्या विचारास लागतात. वास्तविक तें मोडलेलें नसतें. मग तें थांबतें कां?

प्रिंटरच्या हेडला अतिशय सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पडणारा थेंब अवघा ३ पिकोलिटरचाहि असूं शकतो. म्हणजे एका मिलिलिटर शाईंत असे सुमारें ३३ कोटि थेंब मावतात. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यांत यंत्र पडून राहिलें, कीं या छिद्रांतील शाई सुकते. तीं मोकळीं करण्यासाठीं यंत्र थोडी शाई ओढून टाकतें. ही शाई तळाच्या जाड, सच्छिद्र पॅडमध्यें मुरते.

पॅड किती भिजलें, हें पाहण्यास यंत्राला डोळे नसतात. टाकलेल्या शाईचा अंदाज तें आपल्या स्मृतींत मांडीत जातें. वीज बंद केली तरी ही नोंद पुसत नाहीं. बेरीज ठराविक मर्यादेस पोहोंचली, कीं शाई सांडूं नये म्हणून यंत्र काम थांबवितें.

ही नोंद शून्यावर आणणें म्हणजे काउंटर रीसेट करणें. संगणकावरून हें काम कांहीं मिनिटांत होतें. म्हणूनच मोह पडतो. परंतु लूककृत शुभवर्तमानांतील अन्यायी कारभारी आठवा. त्यानें शंभरांचे पन्नास लिहविले. आंकडा बदलला, पण तेल कांहीं कोठारांत परत आलें नाहीं. तसेंच येथें होतें. आंकडा शून्य झाला, तरी पॅड भिजलेलेंच राहतें आणि पुढें शाई टेबलावर किंवा यंत्राच्या विद्युत्-भागांवर उतरते. कांहीं देशांत एप्सन कंपनी स्वतःच रीसेटचा प्रोग्रॅम देते, पण तो एकदांच चालतो. ही सवलत थोड्या अवधीपुरतीच आहे, हें त्यावरून ध्यानांत यावें.

यास्तव क्रम असा ठेवावा :

१. प्रथम वीज तोडून, हातमोजे घालून, जाणत्या कारागिराकडून पॅड बदलून घ्यावें.

२. नंतरच काउंटर शून्यावर आणावा.

३. अनोळखी ठिकाणचा प्रोग्रॅम घेऊं नये. ‘आधीं व्हायरस-संरक्षण बंद करा’ असें तो सांगूं लागला, तर तेथेंच थांबावें.

कांहीं नव्या नमुन्यांत वाया शाईची पेटी घरींच बदलतां येते. खरेदीच्या वेळीं हें अवश्य विचारावें. वस्तु दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकाचा हक्क आतां सरकारहि मानूं लागलें आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं त्यासाठीं स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केलें.

मुलांनो, घरचें यंत्र थांबलें तर तें टाकून देण्याची घाई करूं नका, आणि त्याची वही खोटी करण्याचीहि करूं नका. आधीं पॅड बदला, मग आंकडा बदला. हिशेब वस्तुस्थितीशीं जुळला, तर तें यंत्र आणखी कित्येक वर्षें तुमच्या घराची सेवा करील.