अमेरिकेतील महाविद्यालय : निवड आणि खर्चाचा मेळ

भूम तालुक्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ कोरडवाहू शेती आणि खव्याच्या भट्ट्या यांवर चालतो. अशा घरातील मुलाने वा मुलीने अमेरिकेत शिकण्याची इच्छा व्यक्त केली, की पालक प्रथम महाविद्यालयाचे नाव विचारतात. वस्तुतः पहिला प्रश्न निराळा असावयास हवा : मिळणारे साहाय्य वजा जाता घरातून किती रक्कम द्यावी लागेल?

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा ११.५ पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत ३ वर्षांची, आणि पुढे १० वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार. रक्कम, मुदत व अट ही तिन्ही प्रयाणापूर्वीच निश्चित झाली होती.

बारावीनंतर ४ वर्षांच्या पदवीसाठी जाणे सर्वांत खर्चाचे. तेथील राज्य विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेतात आणि गरजेनुसार साहाय्य क्वचितच देतात. याउलट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संपन्न खाजगी संस्था प्रवेश देताना परदेशी अर्जदाराची ऐपत पाहत नाहीत आणि गरजेइतके साहाय्य करतात; मात्र तेथील प्रवेश अतिशय दुर्लभ. इतर बहुतेक ठिकाणी साहाय्याची मागणी प्रवेशाच्या निर्णयातही विचारात घेतली जाते. तरीही मागणी लपवू नये. अर्जाच्या वेळी न मागितलेले साहाय्य पुढे बहुधा मिळत नाही. उत्पन्न कमी दाखविण्यात वा प्रतिष्ठेपायी फुगवून सांगण्यात काहीही हशील नाही. भट्टीचे उत्पन्न हंगामानुसार बदलते, हेही अर्जात स्पष्ट लिहावे. तहसील कार्यालयातील उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

पदवी येथेच पूर्ण करून पुढील शिक्षणास जाणे, हा मार्ग सामान्य कुटुंबास अधिक सोयीचा, असे आमचे मत आहे. पीएच.डी.साठी अनेक विद्यापीठे शुल्कमाफी व निर्वाहवेतन देतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षण व संशोधनासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागतिक क्रमवारी व उत्पन्नाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. १८९२ साली स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची कर्जरूप शिष्यवृत्तीही उपलब्ध आहे. ती फेडावयाची असते, हे विसरू नये.

हिशेबात शुल्काबरोबर निवास, भोजन, आरोग्यविमा, पुस्तके व विमानभाडे धरावे. व्हिसासाठी लागणारे आय-२० प्रपत्र मिळण्यापूर्वी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते. त्या मिळकतीतून शुल्क भागेल, असे सांगणाऱ्या मध्यस्थाकडे शेतीचा सातबारा नेण्याची घाई करू नये.