रूटलाही 'नाही' म्हणणारी पॉलिसी : एसईलिनक्सचा छोटा धडा

लिनक्सवर एकदा 'रूट' झालं की सगळं रान मोकळं, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. फर्स्ट इयरच्या लॅबपासून आपण तेच ऐकत आलो. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये अशी एक व्यवस्था आहे, जिच्यापुढे रूटलाही "नाही" ऐकून घ्यावं लागतं. तिचं नाव एसईलिनक्स. या लेखात तिची एक अगदी छोटी पॉलिसी पायापासून कशी बांधायची, ते मी सांगणार आहे.

उदाहरण आपल्याच घरचं घेऊ. समजा, हॉस्टेलच्या जुन्या संगणकावर मेसचा हिशोब दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. रूम नंबर टाकला की खाडे किती, बिल किती, डिपॉझिटमधले किती उरले, ते पडद्यावर येतं. लिहिणारा सीनियर केव्हाच पास आउट झाला. आता मेस कमिटीने विचारलं, "हा प्रोग्रॅम हिशोबात काही ढवळाढवळ करत नाही कशावरून?" तर काय उत्तर द्याल? सगळा कोड वाचायला कुणाला वेळ आहे? आणि प्रश्न तर आपल्या सगळ्यांच्या पैशांचा! माझं उत्तर असं : प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायची गरजच नको. त्याला कुंपण घालू या.

दोन प्रकारचे नियम

आपल्या रूमची किल्ली मित्राला द्यायची की नाही, हे आपण ठरवतो. पण रूममध्ये हीटर लावायची परवानगी आपण कुणालाच देऊ शकत नाही; रूम आपली असली तरी तो नियम रेक्टर सरांचा. लिनक्समधल्या नेहमीच्या परवानग्या (वाचणे, लिहिणे, चालवणे) किल्लीसारख्या आहेत. फाइलचा मालक त्या देतो, काढून घेतो, आणि रूट तर त्यांना जुमानतच नाही. रेक्टरच्या नियमासारखी जी दुसरी तऱ्हा, तिला मँडेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात. तो नियम सगळ्या व्यवस्थेचा असतो, मालकाच्या मर्जीचा नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कर्नल आधी नेहमीच्या परवानग्या तपासतो आणि मग एसईलिनक्सला विचारतो. दोघांनी 'हो' म्हटलं तरच काम होतं. म्हणजे एसईलिनक्स आहे त्या परवानगीला कात्री लावू शकतं. नसलेली परवानगी देऊ शकत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने एसईलिनक्स डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं आणि २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ कर्नलमध्ये ते सामील झालं. हे फक्त मोठ्या सर्व्हरचं काम आहे असं समजू नका. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून फोनमध्येही ते पूर्णपणे लागू असतं. तुमच्या खिशात ते बहुधा आत्ताही चालू आहे!

कोऱ्या पाटीवरून सुरुवात

एसईलिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक फाइलला एक लेबल असतं. त्यात युजर, रोल आणि टाइप असे तीन मुख्य भाग. आपल्या कामाचा भाग म्हणजे टाइप. नियमाचा साचा एकच : अमुक टाइपच्या प्रोसेसला, तमुक टाइपच्या, अमक्या वर्गाच्या वस्तूवर, एवढ्या क्रिया करता येतील. वर्ग म्हणजे फाइल, डिरेक्टरी, प्रोसेस, सॉकेट वगैरे. जे लिहिलेलं नाही, ते बंद. त्यामुळे 'नाही'चे नियम लिहावे लागत नाहीत, 'हो'चेच लिहायचे.

मग पूर्ण कोरी पॉलिसी लावली तर? संगणक सुरूच होणार नाही. पहिल्या प्रोसेसलाही काही वाचायची मुभा नसेल! म्हणून सर्वांत छोट्या चालत्या पॉलिसीतही काही गोष्टी लागतातच : वर्गांची आणि क्रियांची यादी, निदान एक टाइप, एक रोल, एक युजर, कर्नलने सुरुवातीला वापरायची लेबलं, आणि कुठल्या फाइलसिस्टिमवर लेबल कुठून घ्यायचं याची माहिती. एक्स्ट-४ सारख्या डिस्कवर लेबल फाइलसोबतच साठवलं जातं, तर 'प्रॉक' सारख्या आभासी फाइलसिस्टिमची लेबलं पॉलिसीतच लिहावी लागतात.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. कर्नलच्या सोर्सबरोबरच 'एमडीपी' नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो एकच युजर, एकच रोल आणि एकच टाइप असलेली पॉलिसी तयार करून देतो. टाइपचं नाव 'बेस_टी'. (फाइलीत ही नावं अर्थातच रोमन लिपीत लिहायची.) बेस_टीला बेस_टीवर सगळं माफ! ती 'चेकपॉलिसी'ने कंपाइल करायची आणि 'सेटफाइल्स'ने सगळ्या डिस्कवर लेबलं चिकटवायची. आता संगणक सुरू होतो, पण सुरक्षा शून्य. हरकत नाही. पाया पक्का आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ आपल्याला समजते.

मेसचा प्रोग्रॅम वेगळा काढू

आता तीन नवे टाइप घेऊ. चालू असलेल्या प्रोग्रॅमसाठी मेस_टी, त्याच्या डिस्कवरच्या फाइलसाठी मेस_एक्झेक_टी, आणि वहीसाठी हिशोब_टी. प्रोग्रॅम बेस_टीमधल्या शेलमधून सुरू होणार, पण चालायला हवा मेस_टीमध्ये. या उडीसाठी तीन परवानग्या लागतात. व्हायवाला हमखास विचारण्यासारखा प्रश्न आहे, पाठच करून ठेवा :

१) बेस_टीला मेस_एक्झेक_टी फाइल चालवायची परवानगी.
२) बेस_टीला मेस_टीमध्ये जायची परवानगी. हिला 'ट्रान्झिशन' म्हणतात.
३) मेस_टीमध्ये शिरायचं दार म्हणून मेस_एक्झेक_टी हीच फाइल. ही 'एंट्रीपॉइंट' परवानगी.

तिसरी नसती तर कुठलाही प्रोग्रॅम मेस_टीचा वेष घेऊन वही उघडू शकला असता. आणि या तिन्हींनी उडीला फक्त मुभा मिळते. ती आपोआप व्हावी म्हणून 'टाइप ट्रान्झिशन'ची एक वेगळी ओळ लिहावी लागते. उडी न मारता जागच्या जागी चालवायची परवानगी (एक्झिक्यूट-नो-ट्रान्स) बेस_टीला द्यायची नाही. म्हणजे ही फाइल कुंपणाबाहेर चालणारच नाही.

बाकी किरकोळ कामं : आपला रोल मेस_टीसाठीही चालतो असं लिहायचं, नव्या फाइल-टाइपना त्या फाइलसिस्टिमवर राहायची 'असोसिएट' परवानगी द्यायची, आणि त्या फाइलींची देखभाल, नवं लेबल लावणं वगैरे बेस_टीला करू द्यायचं. वहीच्या बाबतीत मेस_टीला फक्त उघडणे, वाचणे आणि फाइलची माहिती घेणे. लिहिणे नाही!

पडद्याचीही एक गंमत आहे. टर्मिनल हेसुद्धा एक डिव्हाइस, म्हणजे बेस_टीच. मेस_टीला त्यावर वाचण्या-लिहिण्याची मुभा द्यायची, पण 'ओपन' म्हणजे उघडण्याची द्यायची नाही. शेलने उघडून दिलेला पडदा तो वापरेल, पण स्वतः दुसरं डिव्हाइस उघडू शकणार नाही. ही वेगळी तपासणी व्हावी म्हणून पॉलिसीत 'ओपन पर्म्स' ही क्षमता चालू असावी लागते.

खरी मेख इथे आहे

प्रोग्रॅम चालवून बघितला की तो लगेच अडतो. कारण त्याला सी लायब्ररी वाचायची असते आणि तिचं लेबल बेस_टी. मग सरळ उपाय सुचतो : मेस_टीला बेस_टीच्या फाइली वाचू द्या. एका ओळीचं काम!

पण थांबा. पासवर्डची शॅडो फाइल कुठल्या टाइपची आहे? बेस_टी. तुमचे सेमिनार रिपोर्ट? बेस_टी. एका ओळीने आपण सगळ्या फाइली खुल्या केल्या. प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असेल तर नेहमीच्या परवानग्यांचा अडसरही नाही.

मग शॅडोला वेगळं लेबल द्यावं का? त्याने एक फाइल वाचेल, बाकीच्या उघड्याच राहतील. लपवण्याजोग्या फाइलींची यादी कधीच पूर्ण होत नाही. उलट प्रोग्रॅमला लागणाऱ्या फाइलींची यादी छोटी असते. म्हणून लायब्ररीच्या फाइलींना लायब्ररी_टी हा नवा टाइप द्यायचा आणि तेवढ्याच वाचायला, मेमरीत मॅप करायला, चालवायला मुभा द्यायची. बेस_टीच्या डिरेक्टरीत फक्त 'सर्च', म्हणजे तिथून पुढे जाता येतं, पण आत काय काय आहे याची यादी मिळत नाही.

मला या सगळ्यातून कळलेली मुख्य गोष्ट हीच. छोटी पॉलिसी म्हणजे कमी ओळींची पॉलिसी नव्हे. नियम कितीही काटेकोर लिहा, तो लेबलाइतकाच बारीक असतो. एका लेबलाखाली दहा वेगळ्या वस्तू कोंबल्या, तर एकीला दिलेली परवानगी दहाही जणींना मिळते. टाइप वाढले, ओळी वाढल्या, तरी कुंपणातली जागा कमी झाली ना? मग पॉलिसी छोटीच झाली.

तपासणी कशी करायची?

हा प्रयोग व्हर्च्युअल मशीनवरच करा आणि आधी स्नॅपशॉट घ्या. पहिल्यांदा 'परमिसिव्ह' अवस्थेत चालवा. त्यात काही अडवलं जात नाही, पण जे अडवलं गेलं असतं त्याची लॉगमध्ये नोंद होते. 'पीएस' आणि 'एलएस' या कमांडना मोठ्या झेडचा पर्याय दिला की लेबलं दिसतात.

'ऑडिट-टू-अलाऊ' नावाचं एक हत्यार या नोंदींवरून नियम आपोआप लिहून देतं. सोयीचं आहे, पण जपून! प्रोग्रॅमने जे जे मागितलं ते ते लिहून देणारा नियम म्हणजे वॉचमनने प्रत्येकालाच गेटपास फाडून देण्यासारखं आहे. प्रत्येक ओळीपुढे विचारा, "हे याला कशाला हवंय?" उत्तर नसेल तर ओळ खोडा.

शिवाय 'नेव्हर-अलाऊ'ची ओळ लिहून ठेवा : मेस_टीने हिशोब_टीवर कधीच लिहायचं नाही. पुढे कुणी घाईत उलट नियम घातला, तर चेकपॉलिसी पॉलिसी कंपाइलच करणार नाही. आपण पास आउट झाल्यावरही ती ओळ पहारा देत राहील.

आणखी एक खाचखळगा. नव्या फाइलला, वेगळा नियम नसेल तर, तिच्या डिरेक्टरीचा टाइप मिळतो. पण त्याच डिस्कवर दुसरीकडून 'एमव्ही'ने हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते. म्हणून वहीची डिरेक्टरीही हिशोब_टी करा आणि मेस_टीला तिच्यावर 'सर्च' द्या. बाहेरून आणलेल्या फाइलचं लेबल मात्र तपासून घ्या.

जे यातून होत नाही

मेसचा प्रोग्रॅम वही वाचतो, तेव्हा एकाचं बिल दुसऱ्याला दाखवण्याची चूक तो अजूनही करू शकतो. बेरीजही चुकवू शकतो. कर्नलमध्येच भोक असेल तर सगळंच मुसळ केरात. आणि आपल्या पॉलिसीत बेस_टीला सगळं माफ असल्यामुळे तिथला रूट एसईलिनक्स परमिसिव्ह करू शकतो. 'नाही' ऐकतो तो मेस_टीमध्ये अडकलेला रूट. पुढची पायरी म्हणजे बेस_टीचेही तुकडे करणे.

पण मेस कमिटीला आता एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येते : हा प्रोग्रॅम वाचतो, पण वहीत लिहू शकत नाही, मग त्याच्या कोडमध्ये काहीही असो. आणि त्यासाठी कमिटीला प्रोग्रॅमचा सगळा कोड वाचायला नको. पॉलिसीतल्या मेस_टीच्या मोजक्या ओळी पुरतात. त्या समोर बसून एकेक करून समजावता येतात. ज्या ओळीचं कारण सांगता येणार नाही, ती आपल्या पॉलिसीत असताच कामा नये.

तेव्हा या सुट्टीत एक व्हर्च्युअल मशीन उभारा आणि करून बघा. अडलात तर लॉग वाचा, तिथे उत्तर बहुतेक वेळा सापडतंच!