मिसाइल सायंटिस्ट व्हायचंय? मग त्यातला भाग निवडा

‘मुलीला मिसाइल सायंटिस्ट व्हायचंय, कोणत्या कोर्सला घालू?’ असा एकच कोर्स नाही, आणि तो आहे म्हणून फी मागणाऱ्यांपासून जरा जपून राहावं. अख्खं क्षेपणास्त्र कुणी एकटा बनवत नाही. प्रत्येक जण एखादा भाग बनवतो आणि त्यावरच आयुष्य काढतो.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी ओडिशातल्या चांदीपूरला डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आणि नौदल यांनी एनएएसएम-एसआर या जहाजविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. नौदलाच्या हेलिकॉप्टरवरून सुटलेलं क्षेपणास्त्र आधी मोठ्या लक्ष्यावर रोखलेलं होतं. शेवटच्या टप्प्यात वैमानिकाने ते लहान लक्ष्यावर वळवलं. बातमी एवढीच. करिअर मात्र क्षेपणास्त्राच्या पोटात आहेत.

लक्ष्य पाहणारा सीकर अवरक्त किरणांवर चालतो, तिथे इमेज प्रोसेसिंगवाले लागतात. दिशा सांभाळणाऱ्या जायरोस्कोपमध्ये ऑप्टिकल फायबरच्या वेटोळ्यातून प्रकाश फिरवतात. हे भौतिकशास्त्राचं काम. जहाजाच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईपलीकडचं दिसत नाही, म्हणून क्षेपणास्त्र लाटांच्या अगदी जवळून जातं. ती उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा.

मला सर्वांत आवडते ती थर्मल बॅटरी. हिच्यातला इलेक्ट्रोलाइट घन असतो, म्हणून ती वर्षानुवर्षं कोठारात निपचित पडून राहते. डागायच्या वेळी आतलं ज्वलनशील मिश्रण पेटतं, इलेक्ट्रोलाइट वितळतो आणि क्षणार्धात वीज मिळते. काम मोजक्या मिनिटांचं, पण तिने दगा देऊन चालत नाही. ‘नुसतं केमिस्ट्री करून काय होणार?’ असं विचारणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

रसायनवाल्यांसाठी पुण्यातच दार आहे. सुतारवाडीची एचईएमआरएल ही इंधन आणि स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा या क्षेपणास्त्राच्या विकासात सहभागी होती. आणि सगळं काम पदवीधरांचंच असतं असंही नाही. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या धातूच्या सांगाड्याचे भाग विक्रोळीच्या गोदरेजने बनवले आहेत. अशा कामात मशिनिस्ट आणि वेल्डरचा हात बसलेला असावा लागतो.

डीआरडीओत ‘सायंटिस्ट बी’ पदासाठी अभियांत्रिकीची प्रथम श्रेणीची पदवी आणि गेट परीक्षेचे गुण लागतात, मग मुलाखत. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. रसायन, भौतिक, गणितातल्या एमएस्सीवाल्यांसाठीही जागा निघतात. डिप्लोमा, बीएस्सी आणि आयटीआयवाल्यांची भरती डीआरडीओचंच सेप्टम हे केंद्र करतं.

माझं मत विचाराल तर पदवीला मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा केमिकल घ्या. एरोस्पेसचा हट्ट एमटेकपर्यंत थांबू शकतो. भरती हुकली तरी या शाखांना बाहेर काम मिळतं.

पालकांची भीती साहजिक आहे. स्फोटकांजवळ काम म्हणजे धोका असतोच, म्हणून नियम कडक असतात. परदेशी जायला परवानगी लागते, कामाबद्दल घरीही फारसं बोलता येत नाही. आणि हे शस्त्र आहे, समोरच्या जहाजावर माणसं असतात. मुलाला ते पटत नसेल तर घरच्यांनी भरीस घालू नये.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी ‘सायंटिस्ट बी’ची एखादी जुनी जाहिरात काढून तुम्ही आणि मुलीने मिळून वाचा. कोणत्या शाखेला किती जागा होत्या, ते त्यातच दिलेलं असतं.