सासूबाईंना उचलून माझीच कंबर धरली

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. सगळं मीच करते. आता माझी कंबर धरलीय, रात्री झोप नाही. बाई ठेवायची ऐपत नाही. काय करू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, आधी तुमची कंबर. काखेत हात घालून त्यांना ओढू नका. लुळ्या बाजूचा खांदा त्याने सरकतो आणि सगळं वजन तुमच्या पाठीवर येतं. आधी कुशीवर वळवा, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा, मग पाठीमागे हात देऊन बसवा. वाकताना गुडघे वाकवा. सांगलीच्या शासकीय रुग्णालयात फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा शिकून घ्या, आणि पतींनाही सोबत न्या.

कारण रात्रीची पाळी त्यांनी घ्यायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी जखमा होतात. एकट्या माणसाला हे झेपत नाही. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदाही आईच्या निर्वाहाची जबाबदारी मुलामुलींवर टाकतो. नणंद असेल तर तिलाही मोकळेपणाने सांगा.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड लागतं. त्यावर रुग्णालयातले उपचार वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत होतात, घरची शुश्रूषा मात्र त्यात नाही. मन फारच खचलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

कंबर मात्र याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.