रंतिदेवाचं पाणी आणि रात्र निवारा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, नववा स्कंध, एकविसावा अध्याय.

राजा रंतिदेव ४८ दिवस उपाशी होता, पाणीसुद्धा नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी थोडं अन्न आणि पाणी मिळालं. कुटुंब जेवायला बसणार, तोच एकामागून एक अतिथी आले. त्यातला एक तर कुत्र्यांना घेऊन आला. रंतिदेवानं उरलेलं अन्न त्याला दिलं आणि त्याच्यासकट त्या कुत्र्यांनाही नमस्कार केला! शेवटी एकापुरतं पाणी राहिलं. समाजानं सगळ्यात खाली ठेवलेला एक माणूस ते मागायला आला. तेही गेलं. वर राजाचं मागणं काय? मोक्ष नको, सगळ्यांच्या आत राहून त्यांचं दुःख मला भोगू दे.

यातली एक गोष्ट पटकन नजरेतून सुटते. भुकेल्याला अन्न मिळालं, तहानलेल्याला पाणी. समोरच्याला काय हवंय, हे त्यानं आधी पाहिलं.

आता आपल्या शहरात येऊ. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर माणसं मोजली गेली. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. पुढे सरकारी योजनेत माणशी ५० चौरस फूट जागेचा निकषही आला. म्हणजे छपराचा विचार झाला. पण छपराखाली माणूस येतो तो आपलं दुखणं घेऊनच येतो ना?

मुसळधार पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत तातडीनं उघडलेला हॉल डोळ्यांसमोर आणा. खिडक्या बंद, गाद्या एकमेकींना चिकटून. त्यात एकाला टीबी असेल आणि उपचार सुरू नसतील, तर खोकल्यातून तो शेजाऱ्यालाही होऊ शकतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण ती साधारण सहा महिने रोज घ्यावी लागतात. पोषणासाठीची सरकारी मदत बँक खात्यात जमा होते. ज्याचं खातंच नाही, त्याचं काय? मधुमेही आजींचं न उघडलेलं इन्सुलिन ठेवायला फ्रिज लागतो. मानसिक आजाराच्या गोळ्या पिशवीसकट चोरीला गेल्या की उपचार थांबले. आणि रोजंदारीवरचा माणूस ओपीडीच्या रांगेत उभा राहिला की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो जखम अंगावरच काढतो.

अशा ठिकाणी आपण बहुतेक वेळा ब्लँकेट आणि खिचडी घेऊन जातो. ते चांगलंच आहे, थांबवू नका. पण पुढच्या वेळी जाण्याआधी निवारा सांभाळणाऱ्या ताई-दादांना एवढं विचारा : 'इथे सध्या कोण आजारी आहे? त्यांचं काय अडलंय?' कदाचित उत्तर येईल, औषधांसाठी कुलपाचा कप्पा हवाय. आठवड्यातून एकदा संध्याकाळी येणारा डॉक्टर हवाय. किंवा केस पेपर काढायला सोबत येणारं कुणीतरी. यातलं शेवटचं तर एका सुट्टीत जमण्यासारखं आहे!

आपल्याला जे द्यायला सोपं, ते दान. समोरच्याला जे लागतंय ते देणं, ही सेवा. रंतिदेवाकडे शेवटी फक्त पाणी होतं आणि समोरच्याला तहानच लागली होती. आपल्याकडे काय आहे आणि कुणाला ते हवंय, यावर आज पाच मिनिटं शांत बसून विचार करूया.

राम कृष्ण हरी!